कोडे, प्रश्न आणि अंगठी : ‘द हॉबिट’मधील कूटस्पर्धेचा विचार

अद्भुतरम्य साहित्यातील वस्तूंची चर्चा बहुधा त्यांच्या सामर्थ्याच्या अंगाने होते. तलवार, अंगठी, आरसा किंवा मणी काय करू शकतो, तो कोणाच्या हाती पडतो आणि त्यामुळे कथानकाला कसे वळण मिळते, ह्यांकडे समीक्षकाचे लक्ष असते. अशी वस्तू वर्णनावरून ओळखता येते काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. जे. आर. आर. टोल्किन ह्यांच्या ‘द हॉबिट’ (१९३७) ह्या कादंबरीचे पाचवे प्रकरण ह्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. डोंगराच्या पोटातील एका काळोख्या तळ्याकाठी बिल्बो आणि गोलम एकमेकांना कोडी घालतात. हरल्यास बिल्बोने गोलमचे भक्ष्य व्हावयाचे, असा पण असतो. बालवाचकांच्या रंजनाचा भाग म्हणून ह्या प्रसंगाकडे पाहण्याची प्रथा आहे. वस्तुतः कोडे आणि प्रश्न ह्यांतील भेद येथे कथेच्या नैतिक आशयाचा पाया होतो, असे दाखविता येते.

स्पर्धेत एकूण नऊ कोडी येतात. त्यांची उत्तरे क्रमाने अशी आहेत : पर्वत, दात, वारा, डेझीच्या फुलांवर पडलेले ऊन, अंधार, अंडे, मासा, जेवणाच्या मेजाभोवतीचे एक दृश्य आणि काळ. विशेष असा, की जादूच्या जगात चाललेल्या ह्या खेळात एकाही कोड्याचे उत्तर जादूची वस्तू नाही. सर्व उत्तरे वाचकाच्या नित्य परिचयाची आहेत. ह्याचे कारण कोडे ह्या प्रकाराच्या घडणीत शोधावे लागते. कोडे वस्तूला झाकते, पण जी वस्तू घालणारा आणि सोडविणारा अशा दोघांच्याही अनुभवात आहे, तीच झाकता येते. उत्तर कळताच सोडविणाऱ्याच्या तोंडून ‘अरे, हे तर ठाऊकच होते’ असे उद्गार निघाले पाहिजेत. मराठी हुमाणांची आणि उखाण्यांची उत्तरे नारळ, कणीस, दिवा, सावली अशी घर-शिवारातील असतात, ती ह्याच कारणाने. उखाणा हा शब्द मराठीत कोडे आणि नाव घेण्याचा पद्यबंध ह्या दोहोंसाठी रूढ आहे. नाव घेतले जाते तेव्हा ते ऐकणाऱ्या सर्वांना आधीच माहीत असते. त्या प्रसंगाचा आनंद माहिती मिळण्याचा नसून माहीत असलेले आडवळणाने ऐकण्याचा असतो.

महाभारताच्या वनपर्वातील यक्षप्रश्न येथे तुलनेस घेण्याजोगे आहेत. तेथेही पाण्याचा काठ आहे आणि पणाला प्राण लागलेले आहेत. झोपेतही डोळे न मिटणारा कोण, ह्याचे उत्तर मासा. जन्मल्यावर न हलणारे काय, ह्याचे उत्तर अंडे. ह्याच दोन वस्तू टोल्किनच्या नऊ उत्तरांतही आढळतात. ह्यावरून प्रभावाचा तर्क करणे अप्रस्तुत ठरेल. परंतु दोन दूरस्थ परंपरांना कोड्यासाठी तीच सामान्य वस्तू जवळची वाटावी, ह्यातून कोड्याला लागणाऱ्या सामाईक जगाची कल्पना येते.

हे सामाईकत्व स्पर्धेच्या तपशिलातही दिसते. गोलम बिल्बोची काही कोडी सोडवितो ती स्मृतीच्या आधाराने. उन्हाचे आणि अंड्याचे उत्तर सापडण्यासाठी त्याला नदीकाठच्या बिळात आजीसह घालविलेल्या दिवसांपर्यंत मागे जावे लागते. काळोखात एकाकी झालेला हा जीव एकेकाळी बिल्बोच्याच जगाचा रहिवासी होता, हे वाचकाला कोड्यांमुळेच प्रथम जाणवते. डेझीच्या कोड्याला भाषिक अंगही आहे. त्या फुलाच्या इंग्रजी नावाचा प्राचीन अर्थ ‘दिवसाचा डोळा’ असा आहे आणि कोड्यातील डोळ्याचे रूपक ह्या व्युत्पत्तीवर उभे आहे. ऑक्सफर्डमध्ये अँग्लो-सॅक्सनचे अध्यापन करणाऱ्या लेखकाचा हा खास विशेष होय. मराठी अनुवादकाला येथे वस्तू नेता येते. नावात दडलेले कोडे मात्र मागे राहते. सामाईक जगात भाषेचाही अंतर्भाव होतो, तो असा.

नऊ कोड्यांनंतर बिल्बोला काही सुचेनासे होते. हाताला खिशातील अंगठी लागते आणि आपल्या खिशात काय आहे, असे तो स्वतःशीच पुटपुटतो. गोलम तो आपल्याला घातलेला पेच समजतो आणि हे न्यायाचे नाही, अशी तक्रार करतो. दुसरे काही न सुचल्यामुळे बिल्बो तोच प्रश्न मोठ्याने पुन्हा विचारतो. ह्यात वस्तूचे वर्णन नाही, रूपक नाही, सोडविणाऱ्याला धरता येईल असे एकही लक्षण नाही. उत्तरीय परंपरेत ह्याला पूर्वाधार आहे. राजा हेद्रेकच्या गाथेत वेषांतर केलेला ओडिन शेवटी, बाल्डरच्या कानात ओडिनने काय सांगितले, असे विचारतो. ते ओडिनखेरीज कोणालाच ठाऊक असणे शक्य नसते. तेथे देव जाणूनबुजून खेळ मोडतो. बिल्बोच्या हातून तो आधी नकळत मोडतो आणि मग तो त्या मोडण्याचा लाभ घेतो. हा फरक नैतिकदृष्ट्या क्षुल्लक नाही.

गोलम तीन तर्क मागून घेतो. पहिला तर्क हात, दुसरा सुरी, आणि तिसऱ्यात तो ‘दोरी किंवा काहीच नाही’ असे दोन तर्क एकत्र करतो. उत्तर शोधताना तो स्वतःच्या खिशांतील जिनसा आठवतो : माशांची हाडे, गॉब्लिनांचे दात, ओले शिंपले, वटवाघळाच्या पंखाचा तुकडा, दात पाजळण्याचा दगड. वर्णन नसले म्हणजे तर्क करणारा स्वतःच्याच खिशात हात घालतो. ह्यातील भीषण उपरोध असा, की उत्तर असलेली वस्तू गोलमचीच आहे. पण ती तो बेटावरील खबदाडात ठेवीत असल्यामुळे खिशातील जिनसांच्या यादीत तिला जागा नाही. जी वस्तू त्याला सर्वाधिक परिचित, तीच त्याला ओळखता येत नाही. अंगठी ही कोणाच्याही सामाईक अनुभवाची वस्तू नाही; ती केवळ एकाच्या ताब्यातून दुसऱ्याच्या ताब्यात जाते. अशा वस्तूचे कोडे घालता येत नाही, तिच्याविषयी फक्त प्रश्न विचारता येतो.

ह्या निष्कर्षाला संहितेच्या इतिहासाचा आधार मिळतो. १९३७च्या आवृत्तीत बिल्बो जिंकल्यास गोलमने त्याला भेटवस्तू द्यावयाची होती. ती भेट म्हणजे अंगठीच. ती न सापडल्याने गोलम परोपरीने क्षमा मागतो आणि त्याऐवजी वाट दाखवितो. पुढे ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या लेखनात ह्या अंगठीचे स्वरूप पालटले आणि तिचा धनी ती भेट देईल, हे असंभाव्य ठरले. टोल्किनने १९४७मध्ये नमुन्यादाखल प्रकाशकांकडे पाठविलेले सुधारित प्रकरण १९५१च्या दुसऱ्या आवृत्तीत समाविष्ट झाले. त्यात भेटीऐवजी बाहेरची वाट दाखविण्याचा पण आला, आणि अंगठी हरवल्याचे कळताच गोलम संतापाने बिल्बोच्या मागे लागतो. १९५४च्या पहिल्या खंडाच्या उपोद्घातात जुनी हकिकत बिल्बोनेच सांगितलेली असत्य कथा म्हणून स्वीकारली गेली. शेवटचा प्रश्न नियमांनुसार कोडे ठरतो काय, ह्याविषयी जाणकारांत मतभेद असल्याचेही तेथे नमूद आहे. मात्र तर्क करावयास लागल्यावर गोलम वचनाने बांधला गेला, ह्यावर एकमत सांगितले आहे.

सुधारित प्रकरणाचा कळस स्पर्धेत नसून तिच्यानंतर आहे. अंगठीमुळे अदृश्य झालेला बिल्बो वाट अडवून बसलेल्या गोलमला ठार करू शकतो. तो थांबतो, कारण ही झुंज बरोबरीची नाही : आपण दिसत नाही, गोलमजवळ शस्त्र नाही आणि त्याने अजून प्रत्यक्ष घात करू पाहिलेला नाही. ह्या विचारातून दयेचा उमाळा येतो आणि तो गोलमवरून उडी मारून निसटतो. ह्या दयेचे महत्त्व पुढे गँडाल्फ फ्रोडोला सांगतो, म्हणून समीक्षकांनी तिची दखल घेतली आहे. पण तिचा उगम कूटस्पर्धेत आहे, इकडे दुर्लक्ष झालेले दिसते. न्याय आणि अन्याय हे शब्द गोलमने तक्रार करताना आधीच उच्चारलेले असतात. विषम प्रश्नाने जिंकलेला बिल्बो विषम शस्त्राने जिंकण्याचे नाकारतो. गोलमच्या तक्रारीला त्याने दिलेले हे उशिराचे, पण खरे उत्तर होय.

ह्यावर असा आक्षेप घेता येईल, की अद्भुत कथांत जादूच्या वस्तूंभोवती कोडी असतातच. मोरियाच्या मंत्रबद्ध दरवाजाचे उदाहरण पुढे करता येईल. परंतु तेथे दार ओळखावयाचे नसून शब्द शोधावयाचा असतो. तो शब्द ‘मित्र’ हा आहे आणि तो दारावरच लिहिलेला आहे. जे. के. रोलिंग ह्यांच्या ‘हॅरी पॉटर अँड द गॉब्लेट ऑफ फायर’ (२०००) मधील स्फिंक्सच्या कोड्याचे उत्तरही कोळी, म्हणजे घराच्या कोपऱ्यात सापडणारा जीव आहे. अद्भुताच्या दाराशीही कोडे सामान्य वस्तूच मागते, हे ह्या उदाहरणांवरून अधिकच स्पष्ट होते.

तात्पर्य, कोडे हा दोन मनांतील समतेचा करार असतो, आणि जिच्यामुळे ही समता राहत नाही अशी वस्तू त्यात बसत नाही. पन्नास-साठ पानांनंतर वाचक जी अंगठी केवळ सोयीचे साधन म्हणून ओळखू लागतो, तिचा विघातक स्वभाव टोल्किनने ह्या प्रकरणातच सूचित केला आहे : ती खिशात आल्याबरोबर दोघांचा खेळ संपतो.