हात कोणाचा, शब्द कोणाचे?

तीस वर्षांहून जुना बोधपट आज परीक्षणासाठी कशाला घ्यायचा, असा प्रश्न वाचकांना पडेल. 'प्रिझनर्स ऑफ सायलेन्स' हा जॉन पाल्फ्रमन यांचा बोधपट अमेरिकेच्या पीबीएस वाहिनीने 'फ्रंटलाइन' या मालिकेत ऑक्टोबर १९९३ मध्ये दाखवला. त्यात ज्या पद्धतीचे पितळ उघडे पडले ती तेव्हाच इतिहासजमा व्हायला हवी होती. पण २०१८ साली अमेरिकेतील वाचा, भाषा व श्रवणतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेला ही पद्धत वापरू नये असे पुन्हा लेखी बजावावे लागले. शिवाय हा बोधपट प्रयोग कसा रचावा हे फार चांगले शिकवतो, आणि शिक्षकाच्या दृष्टीने जो महत्त्वाचा प्रश्न आहे तो मात्र सोडून देतो. म्हणून हे परीक्षण.

पद्धतीचे नाव 'फॅसिलिटेटेड कम्युनिकेशन'. आपण तिला 'हात धरून लिहिणे' म्हणू. न बोलणारे मूल, बहुधा स्वमग्न, मतिमंद किंवा मेंदूच्या पक्षाघाताने अधू झालेले, अक्षरफलकासमोर बसते. मदतनीस त्याचा हात, मनगट किंवा कोपर धरतो आणि मुलाचे बोट एकेका अक्षरावर जाते. पद्धतीचा उगम ऑस्ट्रेलियात, मेलबर्नमध्ये, रोझमेरी क्रॉसली यांच्या कामात झाला. सिराक्यूज विद्यापीठाचे डग्लस बिकलेन यांनी १९९० मध्ये त्यावर लेख लिहिला आणि बघता बघता ती अमेरिकेतील पब्लिक स्कूलमध्ये पसरली. (तिकडची पब्लिक स्कूल म्हणजे आपल्याकडची जिल्हा परिषदेची किंवा नगरपालिकेची शाळा, आपल्याकडे या शब्दाचा अर्थ नेमका उलटा झाला आहे.) ज्या मुलाला स्वतःच्या हाताने घास घेता येत नव्हता ते मूल शुद्ध इंग्रजीत वाक्ये लिहू लागले. आईबापांना काय वाटले असेल याची कल्पना करावी.

बोधपटाचा पहिला भाग हा आनंद प्रामाणिकपणे दाखवतो, हे आम्हाला आवडले. पुढे कॅमेरा एक साधी गोष्ट टिपतो. मूल छताकडे किंवा बाजूला बघत असते आणि बोट मात्र अचूक अक्षरावर पडते. फलकाकडे टक लावून बघत असतो तो मदतनीस. सराईत टंकलेखक न बघता टंकलेखन करतो, कारण त्याची दहाही बोटे ठरलेल्या कळांवर टेकलेली असतात. एका बोटाने, हात अधांतरी असताना, न बघता अक्षर गाठणे कोणालाही साधत नाही. विश्वास बसत नसेल तर वर्गात करून पाहावे.

त्यानंतरचा प्रयोग मात्र सावकाश समजून घेण्याजोगा आहे. न्यूयॉर्क राज्यातील ओ. डी. हेक केंद्रातील बारा जण आणि नऊ मदतनीस यांच्यावर तो केला गेला आणि १९९३ मध्येच प्रसिद्ध झाला. दोघे शेजारी बसतात. दोघांना एकमेकांचे चित्र दिसणार नाही अशी आडोशाची सोय असते. कधी दोघांना एकच चित्र दाखवतात, कधी वेगवेगळी. मुलाने आपल्याला दिसलेल्या चित्राचे नाव लिहायचे. चित्रे वेगळी असताना मुलाच्या चित्राचे नाव एकदाही आले नाही. काही वेळा जे आले ते मदतनीसाच्या चित्राचे नाव होते.

या पद्धतीच्या समर्थकांचा आक्षेप असा की परीक्षेच्या वातावरणात मुले बावरतात. आक्षेप वाजवी वाटतो, पण टिकत नाही. बावरलेले मूल गप्प बसेल, चुकेल, काहीबाही लिहील. शेजाऱ्याला दिसलेले आणि स्वतःला न दिसलेले चित्र ते नावानिशी लिहिणार नाही. प्रयोगाची सगळी ताकद या एका मुद्द्यात आहे. विज्ञान शिकवणाऱ्याने तो विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावा, आपण सांगू नये.

मदतनीस लबाड होते का? मुळीच नाही. प्लँचेटच्या वाटीवर बोट ठेवणाऱ्या मंडळींपैकी प्रत्येक जण शपथेवर सांगतो की मी ढकलली नाही. पाणाड्याच्या हातातली बेचकी वळते तेव्हा त्यालाही ती आपोआप वळल्यासारखी वाटते. मनातल्या अपेक्षेने स्नायूंच्या अतिसूक्ष्म हालचाली होतात आणि करणाऱ्याला त्यांचा पत्ता नसतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल याने लंबकावर प्रयोग करून हे १८३३ मध्येच मांडले होते. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आम्हा लोकांचाही स्वतःच्या प्रामाणिकपणावर फार भरवसा नसतो. नमुन्यांच्या बाटल्यांवर नावांऐवजी आकडे टाकतात ते त्यासाठीच.

चुकीची किंमत किती मोठी असते तेही बोधपट सांगतो. धरलेल्या हातांनी आईवडिलांवर लैंगिक अत्याचाराचे आरोप लिहिले गेले आणि मुलांना घरातून हलवण्यात आले. मेन राज्यातील अशाच एका प्रकरणात १९९२ मध्ये बॉस्टनच्या बालरुग्णालयातील हॉवर्ड शेन यांनी वेगवेगळी चित्रे दाखवून चाचणी घेतली आणि लिहिणारी मुलगी नसून मदतनीस आहे हे दिसून आले. ती मदतनीस, जॅनिस बॉयन्टन, यांनी पद्धत सोडली आणि २०१२ मध्ये स्वतःच्या अनुभवावर लेख लिहिला. आज त्या या पद्धतीच्या ठाम विरोधक आहेत.

इथवर बोधपटाशी आमचे भांडण नाही. भांडण पुढे आहे. आडोसा काढला, चित्रे गोळा केली, बातमी झाली. आणि ते मूल? दुसऱ्या दिवशी सकाळी ते त्याच वर्गात येणार. त्याच्या शिक्षिकेने काय करायचे, याबद्दल बोधपट जवळजवळ गप्प आहे. जणू मुलात दडलेली बुद्धी सापडली नाही, म्हणजे शिकवण्याजोगे काही उरलेच नाही.

हा समज पद्धतीच्या समर्थकांचाही होता, फक्त उलट्या बाजूने. आत एक हुशार मूल अडकले आहे असे सिद्ध झाले तरच ते शाळेत शोभते, असे दोघेही नकळत मानतात. वास्तविक अमेरिकेतच हा प्रश्न आधी सुटला होता. १९७५ च्या कायद्याने सर्व अपंग मुलांना सरकारी शाळेत शिक्षणाचा हक्क मिळाला. न्यू हॅम्पशायरमधील रॉचेस्टरच्या शाळा-प्रशासनाने तरीही एका मुलाला नाकारले. त्याला मेंदूचा पक्षाघात होता, फिट्स येत, दिसत नव्हते. त्याला शिक्षणाचा काही उपयोग होणार नाही, असे प्रशासनाचे म्हणणे, आणि खालच्या न्यायालयानेही ते मानले. 'टिमथी डब्ल्यू.' या नावाने गाजलेल्या त्या खटल्यात वरच्या न्यायालयाने १९८९ मध्ये निकाल फिरवला. उपयोग होईल हे आधी सिद्ध करण्याची अट कायद्यात नाही, आणि शिक्षणात रोजच्या जगण्याची मूलभूत कौशल्येही येतात, असे न्यायालयाने म्हटले. पुढच्याच वर्षी बिकलेन यांचा लेख आला. ज्या शाळांना अशी मुले शिकवणे आता टाळता येणार नव्हते, त्यांना 'हात धरून लिहिणे' किती सोयीचे वाटले असेल! तोच अभ्यासक्रम, तीच उत्तरपत्रिका. हा धागा बोधपटात यायला हवा होता असे आम्हाला वाटते.

मग करायचे काय? पडताळणीची जी शिस्त बोधपटात पद्धत मोडण्यासाठी वापरली, तीच शिकवण्यासाठी वापरता येते. मूल नजरेने निवड करते असे वाटते ना? पेला आणि चेंडू दोन बाजूंना ठेवा. काय मागायचे ते एका शिक्षिकेने मुलाला सांगावे, आणि नजर कोणीकडे वळली याची नोंद दुसरीने करावी. काय मागितले ते दुसरीला माहीत नसावे. बाजू अधूनमधून बदलाव्यात. नुसत्या योगायोगाने दहापैकी आठ किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता १०२४ त ५६, म्हणजे साधारण साडेपाच टक्के. नऊ किंवा अधिक येण्याची १०२४ त ११, म्हणजे एक टक्का. वेगवेगळ्या दिवशी नऊ-नऊ येऊ लागले तर त्या मुलाकडे 'हे हवे' म्हणण्याचे साधन आहे आणि ते त्याचे स्वतःचे आहे. पाच-सहाच आले तर मूल ढ ठरत नाही. मान नीट टेकलेली आहे का, फिट्सच्या औषधाची गुंगी आहे का, उत्तरासाठी आपण दहा-पंधरा सेकंद थांबलो का, आणि मुळात त्याला पेला किंवा चेंडू हवा आहे का, हे पाहायचे. गालाने दाबायच्या बटणावर गाणे लागते हे कळायला एखाद्या मुलाला सहा महिने लागतात. ते सहा महिने शिक्षणाचेच.

आधार देण्याला आमचा विरोध नाही. मुंबईच्या मालिनी चिब यांना मेंदूचा पक्षाघात आहे. त्यांनी एका करंगळीने टंकलेखन करून आत्मचरित्र लिहिले. त्याचे नावही 'वन लिटिल फिंगर' असेच आहे. तिथे करंगळी त्यांचीच, कोणी धरलेली नाही. उलट २०१८ च्या त्या इशाऱ्यात आणखी एका पद्धतीचा समावेश होता: 'रॅपिड प्रॉम्प्टिंग'. ती भारतातून अमेरिकेत गेलेल्या सोमा मुखोपाध्याय यांनी रुजवली. तीत मुलाचा हात धरत नाहीत. अक्षरफलक मात्र शिक्षक हवेत धरतो. फलक चार बोटे इकडेतिकडे सरकला तर काय होईल, हे वाचकांना सांगायला नको.

आपल्याकडे शिक्षणहक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र व बहुविकलांग मुलांना घरी राहून शिकण्याचा पर्याय दिला. तो हक्क मुलाचा आहे. शाळेने तो आपली सुटका म्हणून वापरला तर रॉचेस्टरच्या प्रशासनात आणि आपल्यात फरक राहत नाही.

बोधपट दाखवणार असाल तर वेगवेगळ्या चित्रांच्या प्रयोगापाशी तो थांबवा, आणि निकाल काय लागेल ते विद्यार्थ्यांना कारणासह वहीत लिहायला सांगा. निवेदन इंग्रजी आहे, त्यामुळे शेजारी उभे राहून मराठीत सांगावे लागेल. ओ. डी. हेकच्या भागासाठी ते कष्ट जरूर घ्यावेत.