आभाराचे व्याकरण : एका भाषिक कृतीची तौलनिक तपासणी

जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात दिलेली व्याख्याने त्यांच्या निधनानंतर १९६२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. काही वाक्ये वस्तुस्थितीचे वर्णन करीत नाहीत, ती उच्चारणे हीच एक कृती असते, ही त्यांची मांडणी सुपरिचित आहे. आभार मानणे हे अशाच कृतींपैकी एक. जॉन सर्ल यांनी १९६९ मध्ये तिच्या अटी नोंदविल्या : श्रोत्याने पूर्वी काही केलेले असावे, ते वक्त्याच्या हिताचे असावे आणि वक्त्यालाही तसे वाटावे, वक्त्याच्या मनात कृतज्ञता असावी, आणि उच्चार त्या भावनेची अभिव्यक्ती म्हणून गणला जावा. या अटी कोणत्याही भाषेला लागू पडाव्यात, असे येथे गृहीत आहे. तौलनिक अभ्यासात तपासावयाचे ते हेच गृहीतक.

आभाराच्या शब्दसामग्रीत किमान तीन प्रतिमाने आढळतात. पहिले ज्ञानाचे. संस्कृत 'कृतज्ञ' म्हणजे केलेले जाणणारा; 'तिरुक्कुरळ'च्या अकराव्या अधिकाराचे शीर्षकही केलेले उपकार जाणण्याविषयीच आहे; इंग्रजीतील 'थँक' आणि 'थिंक' एकाच मूळाचे. दुसरे ऋणाचे. मराठी 'आभार' या शब्दात भार स्पष्ट ऐकू येतो. पोर्तुगीज 'ओब्रिगादो' म्हणजे बांधला गेलेला. जपानी 'सुमिमासेन' क्षमायाचना व आभार या दोहोंसाठी चालतो. तिसरे स्तुतीचे किंवा शुभेच्छेचे. 'धन्यवाद' म्हणजे समोरच्याला 'धन्य' म्हणणे. एमिल बेन्व्हेनिस्त यांनी १९५८ च्या निबंधात उक्तीपासून घडलेल्या क्रियापदांकडे लक्ष वेधले होते; फ्रेंच 'रमेर्सिए' म्हणजे 'मेर्सी' म्हणणे. 'धन्यवाद' हे नाम त्याच जातीचे ठरते. गोव्यातील कोकणीतला 'देव बरें करूं' हा उद्गार तर परतफेडीचे काम देवावरच सोपवितो.

ही प्रतिमाने केवळ व्युत्पत्तीपुरती उरत नाहीत. आईने वाढलेल्या ताटाबद्दल मुलाने 'मी आपला आभारी आहे' असे मनापासून म्हटले, तर सर्ल यांच्या चारही अटी पूर्ण होतात. तरीही कृती फसते, कारण आईला त्यात परकेपणा जाणवतो. 'आभार कसले मानतोस?' हे तिचे उत्तर विनयाचे नसून नात्याची आठवण देणारे असते. ऋणाची भाषा हिशेब मांडते, आणि जेथे हिशेब नसावा अशी अपेक्षा आहे तेथे ती दुखावते. शहरी घरांत 'थँक्यू' मात्र सहज खपते; त्या उसन्या शब्दात भार ऐकू येत नाही. उलट सभेच्या अखेरीस 'आभारप्रदर्शन' हा स्वतंत्र कार्यक्रम असतो. तेथे वक्त्याच्या अंतःकरणाची चौकशी कोणी करीत नाही. कोणाचे नाव राहिले, याची मात्र होते.

मिशेल रोझाल्डो यांनी १९८२ च्या निबंधात फिलिपाइन्समधील इलोंगोत समाजाच्या आधारे सर्ल यांच्यावर आक्षेप घेतला. वक्त्याच्या आंतरिक अवस्थेला केंद्रस्थानी ठेवणारी ही मांडणी सामाजिक संबंधांना दुय्यम ठरविते, असा त्याचा आशय. वरील मराठी उदाहरणे त्याला दुजोरा देतात. परंतु हा आक्षेप सर्वस्वी स्वीकारताही येत नाही. मराठी संतकवितेत संतांच्या उपकारांतून 'उतराई' होता येत नाही, ही जाणीव ठळकपणे येते. तेथे ऋणाचा उच्चार ते फेडण्यासाठी नसतो, ते न फिटणारे आहे हे मान्य करण्यासाठी असतो. ही जाणीव शिष्टाचारात विरघळविता येत नाही.

म्हणूनच एखाद्या भाषेत 'थँक्यू'ला रोजचा प्रतिशब्द नाही, यावरून तिच्या भाषकांत कृतज्ञता नाही असा निष्कर्ष काढणे ही पद्धतीचीच चूक होय. अनुवादकापुढेही हाच प्रश्न उभा राहतो. इंग्रजी कादंबरीतील पतिपत्नींच्या संवादातला प्रत्येक 'थँक्यू' 'आभारी आहे' असा मराठीत आणला, तर मूळ संहितेत नसलेला दुरावा त्या दांपत्यात दिसू लागतो. तो गाळला, तर मूळ समाजाची रीत हरवते. या पेचातून शब्दकोश सोडवू शकत नाही. तुलनेचे एकक शब्द नव्हे, तर तो कोणी, कोणाला, कोणत्या नात्यात उच्चारला आणि त्याच नात्यात न बोलण्याचा अर्थ काय झाला असता, हे असावे लागते.