फोटोची मागची बाजू: घरचे जुने फोटो ऑनलाइन येतात तेव्हा काय गळतं?

पीएच.डी.साठी विषय शोधणाऱ्यांना हल्ली एक सल्ला सर्रास मिळतो. अभिलेखागारात खेटे कशाला घालताय, लोकांनी घरचे जुने फोटो ऑनलाइन टाकलेत, तेच साधन म्हणून वापरा. सल्ला वाईट नाही. पण तो देणारे बहुतेक जण असं धरून चालतात की कपाटातला फोटो आणि स्क्रीनवरचा फोटो ही एकच वस्तू आहे. माझं म्हणणं वेगळं आहे. फोटो अपलोड होतो तेव्हा एक नवीनच वस्तू तयार होते, आणि ती कोणत्या वाटेने आली हे कळल्याशिवाय तिला पुरावा म्हणता येत नाही. मी विज्ञान शाखेतली, त्यामुळे ही टीका थोडी प्रयोगशाळेच्या वळणाची वाटेल. आमच्याकडे नमुना कुठून आणला, कसा साठवला हे न लिहिता निकाल मांडला तर गाइड पुढचं पानसुद्धा उलटत नाही.

उदाहरण मोहन्याचंच घेऊ. कल्याणच्या पुढे शहाड आणि आंबिवली ही लागोपाठची स्टेशनं. शहाडला सेंच्युरी रेयॉन, आणि आंबिवलीला उतरलं की मोहन्यात नॅशनल रेयॉन, म्हणजे आपली एनआरसी. दोन्ही कारखाने उल्हास नदीच्या आधाराने, कारण लाकडाच्या लगद्यापासून व्हिस्कोस धागा काढायला पाणी अमाप लागतं. एनआरसीला २००९ मध्ये टाळं लागलं. थकीत देण्यांसाठी कामगार वर्षानुवर्षं भांडत राहिले, कॉलनीतल्या इमारती एकेक करत पडल्या, कुटुंबं पांगली. कोणी गावी गेलं, कोणी टिटवाळ्याला, कोणी बदलापूरला. आता त्या कॉलनीतल्या जगण्यावर कोणाला काही लिहायचं झालं, तर इमारतीच उरलेल्या नाहीत. घराघरातले अल्बम आहेत, आणि त्या अल्बमांचे फोटो मोबाइलवरून फिरतायत.

कारखान्याच्या वसाहतीतल्या घरांत जे फोटो सापडतात ते तुम्हाला माहीतच असतील: लग्न, बारसं, शाळेच्या वर्गाचा फोटो, सार्वजनिक गणपती, निवृत्तीच्या दिवशीचा सेंड-ऑफ (हार, शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ), आणि खात्याचा ग्रुप फोटो. संशोधकाला सगळ्यात मोलाचा हा शेवटचा. तीन-चार रांगा, पुढे खुर्च्यांवर साहेब लोक, मागे उभे कामगार, आणि खुर्च्यांच्या पायाशी एक पाटी, तिच्यावर खात्याचं नाव आणि वर्ष.

आता हिशोब करा. असा सहा बाय चार इंचांचा प्रिंट ६०० डीपीआयवर स्कॅन केला तर ३६०० बाय २४०० पिक्सेल मिळतात, म्हणजे ८६ लाखांहून थोडे जास्त. प्रिंटवर पाच मिलिमीटर रुंद असलेला चेहरा साधारण ११८ पिक्सेलांचा होतो. पाटीवरचं दीड मिलिमीटर उंचीचं अक्षर ३५ पिक्सेलांचं. हाच फोटो व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवला की लांब बाजू १६०० पिक्सेलांच्या आसपास येते. एकूण पिक्सेल एक पंचमांश उरतात. चेहरा ५२ वर येतो आणि अक्षर १६ वर. शिवाय जेपेग पद्धत चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलांचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनातला बारीक तपशील आधी टाकून देते, कारण डोळ्याला त्याची उणीव सहसा जाणवत नाही. बारीक तपशील म्हणजे काय? पाटीवरचं अक्षर, खिशावरचा बिल्ला, बोटातली अंगठी. आजीला फोटो छान दिसतो, आणि तिच्या दृष्टीने तो छानच आहे. वर्ष वाचू पाहणाऱ्याच्या हातात मात्र धुरकट डाग येतो.

फक्त व्हॉट्सअॅपला दोष देणंही बरोबर नाही. आपल्याकडे फोटो बारीक करायची सवय सरकारी फॉर्मांनी लावली आहे. भरतीचा अर्ज असो वा स्कॉलरशिपचा, फोटो २० ते ५० केबीच्या आत हवा, सही त्याहून लहान. सायबर कॅफेत ‘केबी कमी करून द्या’ हे वाक्य ज्याने म्हटलं नाही असा पदवीधर माझ्या पिढीत विरळा. त्यामुळे घरातला शिकलेला मुलगा आजोबांचा फोटो चढत नाही म्हटल्यावर पहिलं काम करतो ते केबी कमी करण्याचं, आणि पुष्कळदा मूळ फाइलवरच. मग १ जून २०२१ पासून गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण बंद झाली, ‘स्टोरेज फुल’चे निरोप यायला लागले, आणि लोकांनी जड फाइल्स आधी उडवल्या. जड फाइल्स म्हणजे नेमके चांगले स्कॅन.

पण माझ्या मते खरी हानी पिक्सेलांची नाहीच. ती मागच्या बाजूची आहे. जुन्या प्रिंटच्या पाठीवर स्टुडिओचा शिक्का असतो, शाईने लिहिलेली तारीख असते, ‘डावीकडून तिसरे अण्णा’ असं काहीतरी असतं, काळ्या अल्बममधून ओरबाडून काढल्याची खूण असते. अपलोडच्या चौकटीत या कशालाच जागा नसते. ‘फोटो निवडा’ असं बटण असतं आणि फोटो म्हणजे पुढची बाजू, हे त्या बटणानेच ठरवून टाकलेलं असतं. वर फाइलला नवीन तारीख चिकटते. आयएमजी, मग २०२१०५१४, मग डब्ल्यूए आणि एक आकडा, अशा नावाची फाइल आपल्याला मिळाली तर ती मे २०२१ मध्ये कोणीतरी पाठवली, एवढंच त्यातून कळतं. फोटो १९६८चा असेल नाहीतर १९८२चा. एक्झिफ माहिती असलीच तर ती मोबाइलच्या कॅमेऱ्याची, आणि व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवला की तीही पुसली जाते.

मग चांगलं काम कुठे झालंय? भारतात या बाबतीत पहिलं नाव निघतं ते इंडियन मेमरी प्रोजेक्टचं. छायाचित्रकार आणि डिझायनर अनुषा यादव यांनी ते २०१० मध्ये सुरू केलं. घरचा एक जुना फोटो आणि त्यामागची हकिकत, असं त्याचं रूप. फोटो कोणी दिला, कोण सांगतंय, फोटो कुठला आणि साधारण केव्हाचा, हे तिथे फोटोसोबत राहतं. ही साधी दिसणारी गोष्ट फार मोठी आहे. फोटो एकटा बोलत नाही, सांगणारा लागतो, हे त्यांनी आपल्याकडच्या पुष्कळ संस्थांच्या आधी ओळखलं. फाळणी, स्थलांतर, आंतरधर्मीय लग्नं असे विषय तिथे घरगुती आवाजात वाचायला मिळतात, आणि इतिहास शिकणाऱ्या कुणालाही मी ती साइट एकदा नीट वाचा असंच सांगेन.

तरीही साधन म्हणून तिच्या मर्यादा आहेत. तिथल्या हकिकती इंग्रजीत आहेत, आणि त्या लिहून देऊ शकेल असा नातू किंवा नात घरात असावी लागते. त्यामुळे दारातून आत येणारी घरं आपोआप निवडली जातात. दुसरं, एक फोटो आणि एक गोष्ट या मांडणीमुळे गोष्ट सांगण्याजोगाच फोटो पुढे येतो: कोणीतरी पहिलं काही केलं, कोणी दूरदेशी गेलं. मोहन्यातल्या सेंड-ऑफच्या फोटोत असं काही नसतं. तो शंभर घरांत तसाच असतो, आणि संशोधकाला त्याचं मोल तो शंभर घरांत तसाच असतो म्हणूनच आहे. तिसरं, प्रिंटचा आकार, स्टुडिओचा शिक्का, मागचा मजकूर ही माहिती तिथे नियमाने दिलेली दिसत नाही. गोष्ट आली, वस्तू राहिली. गोव्यात २०१९ पासून ‘गोवा फॅमिलिया’ने घरोघरचे अल्बम जमवून प्रदर्शनात मांडले. फोटो मागवण्यापेक्षा घरात जाऊन अल्बम उघडणं मला जास्त पटतं, कारण त्यात फोटोच्या आधीचं आणि नंतरचं पान दिसतं. पण त्याला माणसं, वेळ आणि पैसा लागतो, हेही खरं.

वाचायला एक पुस्तक सुचवते: ख्रिस्तोफर पिनी यांचं ‘कॅमेरा इंडिका’ (१९९७). त्यातला मोठा भाग मध्य प्रदेशातल्या नागद्याच्या स्टुडिओंवर आहे. नागदा म्हणजे ग्रासिमचं गाव, तिथेही व्हिस्कोसचा कारखाना. आंबिवली-शहाडच्या माणसाला ते पुस्तक शेजारचं वाटावं. पिनी दाखवतात की स्टुडिओत जाणाऱ्याला आपण आहोत तसे दिसायचंच नसतं. आहे त्यापेक्षा बरं दिसायचं असतं. पडदा, टेलिफोन, मनगटी घड्याळ, सगळं त्यासाठी. म्हणजे १९७०च्या दशकातल्या फोटोत रेडिओ दिसला म्हणून त्या घरात रेडिओ होता, असं लिहू नका. मी अशी वाक्यं प्रबंधांत वाचली आहेत.

आपल्याकडची एन्लार्जमेंटची पद्धतही याच जातीची. माणूस गेला की लग्नाच्या नाहीतर ग्रुपच्या फोटोतून त्याचा चेहरा कापायचा, मोठा करायचा, कपडे सारखे करायचे, निळसर पार्श्वभूमी द्यायची, आणि हार घालून भिंतीवर लावायचा. त्यामुळे आज एआयने फोटो ‘स्वच्छ’ करणाऱ्या अॅप्सवर कोणी ‘ही भेसळ आहे’ म्हणून तुटून पडलं तर मला ते अर्धवट वाटतं. हौस जुनीच आहे. फरक असा की हाताने रंगवलेल्या फोटोत रंग कुठे लावलाय ते दिसतं. अॅप मात्र ५२ पिक्सेलांच्या चेहऱ्यावर इतर असंख्य चेहऱ्यांवरून शिकलेल्या पापण्या आणि दात बसवतं, आणि कुठे काय बसवलं ते सांगत नाही. घरात तो फोटो लावा, कोणाची हरकत नाही. पण ‘स्वच्छ’ प्रत ग्रुपवर फिरते आणि महिन्याभरात मूळ कोणाकडेच सापडत नाही, तिथे हरकत आहे.

तुम्ही स्वतः असे फोटो जमवणार असाल तर फोटो मागताना ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ एवढं एक वाक्य सांगितलंत तरी खूप काम होतं. तसं केलं की व्हॉट्सअॅप फाइलला हात लावत नाही. एचडीचा पर्याय २०२३ मध्ये आला, तो बरा, पण मूळ फाइल नव्हे. आयफोनचे फोटो एचईआयसी प्रकारात निघतात म्हणून कित्येक फॉर्म ते नाकारतात. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फॉरमॅट बदलला की जेपेग मिळतो, केबी कमी करण्याशी त्याचा संबंध नाही. अपलोड झाल्यावर फोटो आडवा पडतो, कारण फोन चित्र फिरवत नाही, ‘हे फिरवून दाखवा’ अशी खूण ठेवतो आणि समोरची साइट ती वाचत नाही. काचेच्या फ्रेममधला फोटो फ्लॅश मारून काढू नका, खिडकीच्या बाजूच्या उजेडात काढा. चिकटपानी अल्बममधला फोटो उपटू नका, फाटेल. आणि प्रत्येक फोटोच्या दोन फाइल्स घ्या, पुढची आणि मागची, पाठ कोरी असली तरी. कोरी आहे हीसुद्धा नोंदच आहे.

लाल पडलेले रंगीत फोटो दुरुस्त करायची घाई नको. त्या काळच्या बऱ्याच रंगीत कागदांत निळसर रंगद्रव्य अंधारात, अल्बम बंद असतानाही विरत जातं आणि लाल-पिवळं मागे उरतं. म्हणजे तो लालपणा फोटोच्या वयाबद्दल आणि कागदाबद्दल काहीतरी सांगतोय. निगेटिव्हच्या डब्याला व्हिनेगरसारखा वास आला तर मात्र थांबू नका, आधी त्याच स्कॅन करा: अॅसिटेट फिल्म विघटित होतेय. अॅसिटेट फिल्म आणि रेयॉन, दोन्ही सेल्युलोजचीच लेकरं.

उरला परवानगीचा प्रश्न. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार वेगळा करार नसेल तर पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक स्टुडिओवाला नसून काढून घेणारा असतो. लग्नाच्या फोटोपुरतं हे सोपं आहे. खात्याचा ग्रुप फोटो कंपनीने काढवला असेल तर हक्क कंपनीकडून सुरू होतो, आणि फोटो चाळीस घरांत असूनही चाळीसपैकी कोणाचा नसतो. कायद्यापलीकडेही गोष्टी आहेत. रोलाँ बार्थ यांनी ‘कॅमेरा ल्युसिडा’ (१९८०) आईच्या लहानपणीच्या एका फोटोभोवती लिहिलं आणि तो फोटो पुस्तकात छापलाच नाही, कारण वाचकाला तो इतरांसारखाच एक फोटो वाटला असता. एखाद्या घराने फोटो दाखवला पण देणार नाही म्हटलं, तर तिथे बसून वहीत वर्णन लिहून घ्या: कोण कुठे उभं आहे, पाठीवर काय लिहिलंय, दाखवताना कोण काय म्हणालं. एकट्या फाइलपेक्षा ते पुष्कळदा जास्त कामाचं निघतं.