पक्षाघातानंतर माणसांत परतताना

मेंदूशास्त्रज्ञ जिल बोल्ट टेलर यांना १९९६ साली, वयाच्या ३७व्या वर्षी, मेंदूत रक्तस्राव होऊन पक्षाघाताचा झटका आला. सावरायला आठ वर्षे लागली. ‘माय स्ट्रोक ऑफ इनसाइट’ (२००८) हे त्यांचे पुस्तक शिक्षकांनी वाचावे ते त्यांच्या आईसाठी. आई ‘हो की नाही’ न विचारता पर्याय देई: सूप की सँडविच? त्यामुळे मुलीला विचार करावाच लागे. भेटायला येणाऱ्यांनी मोठ्याने नव्हे, सावकाश बोलावे, ही लेखिकेची सूचनाही मोलाची. मात्र आनंद आपण निवडू शकतो, हा त्यांचा सूर खटकतो. पक्षाघातानंतर सुमारे एकतृतीयांश रुग्णांना नैराश्य येते. ती इच्छाशक्तीची उणीव नव्हे. त्यावर उपचार लागतात. नुसते ‘मन घट्ट करा’ म्हणणे म्हणजे रुग्णालाच दोष देणे होय.