भुतांच्या यादीत आमची हडळ नाही

‘महाराष्ट्रातली भुतं’ असं फोनवर टाकून पाहा. मुंजा, हडळ, गिऱ्हा, खवीस, झोटिंग, देवचार... एकानं दुसऱ्याची उचललेली तीच यादी, वर कोकणातल्या पावसाचा फोटो. मी बीडचा. आमची भुतं कुठं गेली म्हणून शोधत गेलो, तर एका जुन्या पुस्तकाशी पोचलो : ‘फोकलोअर ऑफ द कोकण’, १९१५.

नाशिकचा कलेक्टर जॅक्सन यानं जमवलेली ही माहिती. १९०९मध्ये अनंत कान्हेरे यांनी त्याला गोळ्या घातल्या. पुढं एन्थोव्हेननं ती संपादित केली. पद्धत सोपी होती. प्रश्नावली शाळामास्तरांना पाठवायची, आलेली उत्तरं जुळवायची. पण ती मुंबई इलाख्यातली. बीड तेव्हा निजामाकडं होतं. म्हणजे आमची भुतं यादीत नाहीत, याचं कारण त्यांना कुणी विचारलंच नाही.

पुस्तकात मला सगळ्यात आवडल्या त्या तळटिपा. माहिती कुठल्या गावच्या मास्तरानं दिली, ते तिथं आहे. आजच्या पोस्टमध्ये एवढंही नसतं. पण मास्तरानं ते कुणाकडून ऐकलं, हे गायब. उरतात व्याख्या : मुंज होऊन सोडमुंजीआधी मेला तो मुंजा, बाळंतपणात गेली ती हडळ. ब्राह्मणाचं भूत वेगळं, शूद्राचं वेगळं. मेल्यावरही जात सुटत नाही आणि गोष्ट मात्र सुटते.

मग मी आजीला बसवलं, फोनचं रेकॉर्डिंग चालू केलं. ती आजोबांबरोबर वर्षानुवर्षं ऊसतोडीला गेलेली. तिची हडळ चिंचेवर राहत नाही. ती फडाच्या कडेला, पाचटात असते. पहाटे गाडी भरताना मागून कुणीतरी मोळी उचलून देतं. घ्यायची, पण वळून बघायचं नाही. ही बाई दिवस भरत आलेले असताना तोडीला आली होती, कारण मुकादमाची उचल फिटली नव्हती. कोपीतच गेली. आजी म्हणते, अजून फेडती.

याला ‘हडळ – बाळंतपणात मेलेल्या स्त्रीचं भूत’ म्हणून जतन करायचं असेल, तर न केलेलं बरं.

जतन कसं करावं याचा नमुना आपल्याकडंच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी जात्यावरच्या ओव्या जमवल्या, लाखाच्या वर. ओवीबरोबर गाणारीचं नाव, गाव. माजलगावच्या बायकाही त्यात आहेत. भुताच्या गोष्टींचं असंच व्हावं, असं मला वाटतं. (भुतं खरी मानता का, असं ऑफिसात विचारतात. नाही मानत. प्रश्न तो नाहीच.)

तर मीही एक शीट बनवली. गोष्ट, सांगणारी, जागा, कोण मेलं, कशानं मेलं. चौथ्या रकान्यापाशी आजी गप्प झाली.

‘‘नाव घेऊ नगं. तिची लेकरं हायेत अजून.’’

‘‘मग गावाचं तरी सांग.’’

‘‘गाव सांगितलं की नाव कळतंय की.’’

मास्तरांच्या तळटिपांवर इतकं बोललो, आणि त्या रात्री मीच शीटमधला जागेचा रकाना पुसला. आजीचं नाव घालू का, विचारलं. ती म्हणाली, माझं घाल.