आश्रयदात्या संताचे चरित्र आणि आपली सणाची प्रवचने

धर्मग्रामाच्या सणापूर्वी नऊ दिवस नोव्हेना चालते आणि त्या नऊ प्रवचनांत आश्रयदात्या संताचे चरित्र श्रोत्यांपुढे मांडले जाते. बहुसंख्य भाविकांना संताची ओळख होते ती एवढीच. म्हणून या प्रवचनांची चिकित्सा हा केवळ वक्तृत्वाचा प्रश्न नव्हे. संताचा कोणता वारसा आपण लोकांच्या हाती देतो, हा तो प्रश्न आहे. येथे गोवा-दमण महाधर्मप्रांताचे आश्रयदाते संत जुझे वाझ यांचे उदाहरण घेऊ.

बाणावली येथे १६५१ साली जन्मलेला हा धर्मगुरू प्रथम कानडा प्रांतात राबला. पुढे १६८७ मध्ये मजुराच्या वेषात तो श्रीलंकेत उतरला आणि १६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथे निवर्तला. प्रवचनांत या चरित्रातील एक प्रसंग हमखास येतो. कँडीत अवर्षण पडले, त्याने प्रार्थना केली आणि पाऊस आला. प्रसंग रम्य आहे, आणि तो सांगू नये असे कोणी म्हणणार नाही. परंतु १६९७ च्या सुमारास त्याच कँडीत देवीची साथ आली. घरच्यांनी टाकलेल्या रोग्यांची धर्मभेद न पाहता त्याने शुश्रूषा केली, मृतांना मूठमाती दिली. हा प्रसंग मात्र अनेकदा एका वाक्यात आटोपला जातो. पाऊस एका दिवसाचा होता. ही सेवा अनेक दिवसांची होती. पावसाचे अनुकरण श्रोत्याला करता येत नाही; सेवेचे करता येते. जे अनुकरणीय तेच आपण गाळतो, हा आपल्या प्रवचनांचा पहिला दोष होय. पोप फ्रान्सिस यांनी १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबो येथे त्यांना संतपद दिले, तेव्हा दुसऱ्या चमत्काराची नेहमीची अट शिथिल केली होती, हेही येथे ध्यानात घ्यावे.

दुसरा दोष अभिमानाचा. 'आपल्या मातीतला संत' हे शब्द उच्चारताना वक्त्याचा स्वर चढतो. पण चरित्र या अभिमानाला सहजासहजी साथ देत नाही. श्रीलंकेतील कॅथलिकांना छळणारे डच हे स्वतः ख्रिस्तीच होते. कँडीच्या बौद्ध राजाने संशयावरून त्याला प्रथम कैद केले हे खरे. परंतु त्याच राज्यात पुढे त्याला आश्रय मिळाला. जे गोव्याचे ऑरेटरी मंडळ त्याच्या पाठीशी उभे राहिले, ते ब्राह्मण कुळांतील धर्मगुरूंचे होते. या गोष्टी सांगितल्याने संताचे तेज उणे होत नाही. उलट, परधर्मीयाचे उपकार मानणे आणि स्वतःच्या घरातील भेद तपासणे, हे दोन धडे ज्यांना आज अत्यंत निकडीचे वाटावेत, त्यांच्याच कानी ते पडत नाहीत.

तिसरा दोष धर्मशिक्षकांच्या बाबतीत घडतो. सर्वत्र विखुरलेल्या कॅथलिकांना एकटा धर्मगुरू पुरा पडणे अशक्य होते. जुझे वाझ लोकभाषा शिकले आणि गावोगावी प्रापंचिक पुढाऱ्यांवर त्यांनी प्रार्थना व धर्मशिक्षणाचा भार सोपवला. धर्मगुरूच्या अनुपस्थितीत श्रद्धा टिकली ती त्या अनाम माणसांमुळे. १७०५ साली आलेल्या जाकोम गोन्साल्विस यांनी सिंहली व तमिळ भाषांत विपुल ग्रंथरचना करून तेच कार्य पुढे नेले. तरीही प्रवचनात नायक एकटाच उभा असतो. बाकावर बसलेला धर्मशिक्षक स्वतःला त्या कथेत शोधतो आणि त्याला आपली जागा सापडत नाही.

यावर कोणी म्हणेल की भाविक नवस घेऊन येतात आणि त्यांना चमत्कारच हवा असतो. हा आक्षेप पोकळ नाही. संकटात सापडलेल्या माणसाची याचना तुच्छ लेखणे हे मेंढपाळाचे काम नव्हे. मात्र संताकडे मागणे आणि संताप्रमाणे वागणे यांत विरोध नाही. विरोध आपल्या मांडणीने निर्माण केला आहे. नऊ दिवसांपैकी एक दिवस पावसाला द्यावा, एक रोग्यांच्या सेवेला, एक त्या अनाम धर्मशिक्षकांना. नवस फेडून घरी जाणारा भाविक शेजारच्या आजाऱ्याच्या दारी थांबला, तर आश्रयदात्या संताचा वारसा धर्मग्रामात खरोखर रुजला असे म्हणता येईल.