समोर बसलेल्याचं विडंबन

मराठी दूरचित्रवाणीवर आज विनोदी नट जितके तयारीचे आहेत तितके ते पूर्वी कधी नव्हते. त्यांच्या हाती पडणारं विडंबन मात्र इतकं भित्रंही कधी नव्हतं. 'फू बाई फू', 'चला हवा येऊ द्या' आणि 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' या तीन कार्यक्रमांनी गेल्या दीड दशकात स्किट हा प्रकार घराघरांत नेला. आजी आणि नातू एकाच वेळी हसतील असं टीव्हीवर फार थोडं उरलं असताना या मंडळींनी ती जागा राखली. म्हणूनच या कार्यक्रमांकडे वेळ घालवण्याचं साधन म्हणून न पाहता एक कला म्हणून पाहायला हवं, आणि कलेला लावतो तो कस त्यांनाही लावायला हवा.

विडंबन मराठीला परकं नाही. तमाशातल्या बतावणीत सोंगाड्या पाटलापासून राजापर्यंत सगळ्यांची टर उडवायचा. गवळणीतली मावशी साक्षात कृष्णाला उलट उत्तरं द्यायची. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या १९६५ च्या लोकनाट्यात दादा कोंडके त्या त्या दिवसाच्या बातम्या संवादांत मिसळायचे, आणि बाहेर जे राजकारण चाललेलं असे ते त्या रात्रीच रंगमंचावर येई. छापील विडंबनात केशवकुमारांची, म्हणजे अत्र्यांची, 'झेंडूची फुले' १९२५ साली आली. अत्र्यांनी त्यात आपल्या काळच्या कवितेच्या लकबी अशा नेमक्या पकडल्या की ते वाचल्यावर मूळ कविता पुन्हा पहिल्यासारखी वाचणं अवघड झालं. विडंबनाची ताकद हीच. ते मूळ गोष्टीची फजिती करतंच, शिवाय ती गोष्ट कशी बनली आहे हेही उघडं करतं. अत्रे स्वतः गंभीर कविता लिहीत होते, हे इथे विसरून चालत नाही. ज्याला एखादा घाट आतून ठाऊक असतो, त्यालाच तो आतून उसवता येतो.

पु. ल. देशपांड्यांचं 'वाऱ्यावरची वरात' म्हणजे आजच्या भाषेत सुटी सुटी स्किटंच होती, पण प्रत्येक तुकड्याला निरीक्षणाचं अस्तर होतं. मुंबई दूरदर्शन केंद्र १९७२ मध्ये सुरू झालं. तिथे विनायक चासकरांच्या 'गजरा'ने छोट्या नाट्यप्रवेशांची सवय लावली, आणि चिं. वि. जोशींच्या कथांवरच्या मालिकेत दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी चिमणराव-गुंड्याभाऊ ही जोडी उभी केली. त्या काळातली तांत्रिक गरिबी आज कुणाला सोसणार नाही, पण त्या संहिता लिहिताना कुणीतरी बसून विचार केलेला दिसे.

झी मराठीवर २०१० मध्ये आलेल्या 'फू बाई फू'ने स्किटला स्पर्धेचा साचा दिला. हिंदीत 'द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज' आणि 'कॉमेडी सर्कस' यांनी ती वाट आधीच तयार केली होती. स्पर्धा म्हटली की परीक्षक आले, गुण आले आणि परीक्षकांच्या हसण्याचे क्लोजअपही आले. या शेवटच्या गोष्टीने जे नुकसान केलं ते आजही भरून आलेलं नाही. घरी बसलेल्या प्रेक्षकाला कुठे हसायचं हे परीक्षकाचा चेहरा सांगू लागला, आणि प्रेक्षकाचा चेहरा समोर नसल्यामुळे नटही परीक्षकाकडे पाहून पंच टाकू लागले. प्रवेश चढत जाऊन शेवटाला पोचण्याऐवजी दर दहा सेकंदांना एक हशा वसूल करण्याची घाई सुरू झाली. तरीही 'फू बाई फू'चे उपकार मोठे आहेत. भाऊ कदम, सागर कारंडे, वैभव मांगले, भारत गणेशपुरे, विशाखा सुभेदार, कुशल बद्रिके ही नावं त्याच मांडवाखालून महाराष्ट्रभर पोचली.

त्यातल्या काहींना घेऊन डॉ. निलेश साबळे यांनी ऑगस्ट २०१४ मध्ये 'चला हवा येऊ द्या' सुरू केलं. स्पर्धा गेली, थुकरटवाडी हे गाव आलं, आणि एक पक्की मंडळी जमली. मंडळी जमणं हे विनोदी नाट्यात फार मोलाचं असतं. समोरचा कुठे थांबणार, कुठे चुकवणार हे शरीराला कळायला वर्षं लागतात. भाऊ कदम हे या कार्यक्रमाचं सर्वांत मोठं देणं. ते फार काही करत नाहीत. प्रश्न आला की एक क्षण कोरा चेहरा, मग नको तिथे जाणारं साधं उत्तर. त्या एका क्षणाच्या थांबण्यात जे टायमिंग आहे ते शिकवून येत नाही. श्रेया बुगडे यांनी नक्कल करताना आवाजापेक्षा समोरच्या बाईची ऐट पकडली. भारत गणेशपुरे यांची वऱ्हाडी तर मला या सगळ्याहून महत्त्वाची वाटते, कारण त्यांच्या तोंडी ती बोली शहाण्या, बेरकी, आपल्या मतावर ठाम असलेल्या माणसाची झाली. गावंढळपणाची खूण म्हणून बोली वापरायची जुनी खोड त्यांनी एकट्याने बरीच मोडली.

आणि या मंडळींना काम काय मिळालं? सिनेमाचं स्पूफ. शुक्रवारी लागणाऱ्या चित्रपटाची टीम प्रसिद्धीसाठी येऊन सोफ्यावर बसायची, आणि तिच्यासमोर तिच्याच चित्रपटाचं विडंबन व्हायचं. 'सैराट'पासून हिंदीतल्या बड्या ताऱ्यांपर्यंत सगळे या वाटेने येऊन गेले. ऐकायला ही कल्पना धाडसी वाटते, पण प्रत्यक्षात तिने विडंबनाचा कणाच काढून घेतला. चित्रपट अजून लागलेलाच नसायचा. प्रेक्षकाने तो पाहिलेला नाही, बहुतेक वेळा लेखकानेही पाहिलेला नाही, मग विडंबन कशाचं करायचं? ट्रेलरचं. एखादं गाजलेलं गाणं, नायकाची एंट्री, पोशाख, दोन संवाद एवढ्याच भांडवलावर वीस मिनिटं उभी करायची. चित्रपटाची कथा कुठे फसली, नायिका का नुसती उभी आहे, इतिहासाचं काय केलं, हे प्रश्न विचारायची सोयच नाही, कारण उत्तर देणारे पाहुणे म्हणून आलेले. जो समोर बसून टाळ्या वाजवणार आहे त्याचं विडंबन करता येत नाही, त्याचं कौतुकच करता येतं. दहा वर्षांत या मंचावर कितीतरी चित्रपटांची स्पूफं झाली, पण एकाने तरी मूळ चित्रपटाकडे पाहायची नजर बदलली असं मला आठवत नाही.

खरं तर विडंबनाला हवी असते ती सगळ्यांना तोंडपाठ असलेली गोष्ट, आणि मराठी टीव्हीकडे ती मुबलक आहे. रोजच्या मालिका आहेत. एकाच वाक्यावर तीन चेहऱ्यांचे तीन क्लोजअप, स्वयंपाकघरात भरजरी साडी, दाराआडून ऐकलेलं अर्धं बोलणं हे सगळं राज्याला पाठ आहे. पण त्या मालिका त्याच वाहिनीच्या. त्यामुळे त्यांची चेष्टा झाली तरी ती घरातल्या घरात, गोंजारत केलेली, आणि शेवटी नव्या वेळेची जाहिरात.

'चला हवा येऊ द्या'मध्येच अरविंद जगताप यांनी लिहिलेली आणि सागर कारंडे यांनी पोस्टमन होऊन वाचलेली पत्रं होती. शेतकरी, सैनिक, म्हातारे आईबाप, शिकायला शहरात गेलेली मुलं यांचं दुखणं त्या पत्रांत आलं, आणि राज्यकर्त्यांना सुनावणारी वाक्यंही त्यांतच आली. लोक रडले, ते योग्यच होतं. पण विनोदी कार्यक्रमाला जे बोलायचं होतं ते विनोद थांबवून बोलावं लागलं, हे मला फार सूचक वाटतं. सोंगाड्याने जे हसवत सांगितलं असतं, ते इथे डोळ्यांत पाणी आणून सांगितलं गेलं, कारण रडवणाऱ्यावर कुणी चिडत नाही.

हसवणाऱ्यावर चिडतात. २०२० मध्ये एका भागात राजर्षी शाहू महाराजांच्या छायाचित्रात कलाकारांचे चेहरे बसवल्यावरून संताप उसळला आणि माफी मागावी लागली. तिथे चूक होती, ती मान्य करायलाच हवी होती. २०२१ च्या दिवाळीतल्या भागात मात्र एक पात्र नारायण राणे यांच्यासारखं दिसतं, एवढ्यावरून त्यांचे समर्थक नाराज झाले, आणि साबळे यांनी राण्यांची भेट घेऊन माफी मागितली. या दोन माफ्या एका मापाच्या नाहीत. हयात, सत्तेत असलेल्या राजकीय नेत्याची नक्कल हा विनोदी नटाचा हक्कच आहे. तो एकदा सोडला की पुढच्या लेखकाच्या मनात आधीच भीती बसते, आणि कागदावर आलेलं नाव तो स्वतःच खोडतो. अल्फा मराठीवर 'घडलंय बिघडलंय' राजकीय घडामोडींना हात घालत होतं, त्याला फार काळ लोटलेला नाही. शेजारी गोव्यात तियात्र या कोंकणी नाट्यप्रकारातल्या कांतारांत, म्हणजे गाण्यांत, आजही मंत्र्यांची खरडपट्टी निघते, आणि लोक तिकीट काढून ती ऐकायला जातात. तेव्हा समाज फार हळवा झालाय म्हणून सत्तेवर विनोद करता येत नाही, हे मला अर्धंच पटतं. वाहिनी जोखीम घेत नाही, हे उरलेलं अर्धं.

सोनी मराठीवर २०१८ मध्ये सुरू झालेल्या 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'ने वेगळा रस्ता धरला, आणि माझ्या मते तो जास्त मराठी आहे. सचिन गोस्वामी आणि सचिन मोटे यांनी स्पूफऐवजी पात्रांवर भर दिला. चाळ, वाडी, लग्नघर, सोसायटीची मीटिंग, गावाकडचा पाहुणा, तीन माणसं आणि एक अडचण. समीर चौघुले साधं वाक्य उगाच अलंकारिक करत नेतात आणि पात्राचा पोकळ रुबाब त्याच्याच वजनाने कोसळतो. नम्रता संभेराव यांची लॉली हे आजच्या टीव्हीवरचं पूर्ण घडलेलं स्त्री-पात्र आहे. तिला चालण्याची ढब आहे, हट्ट आहे, स्वतःबद्दलची एक पक्की समजूत आहे. प्रसाद खांडेकर लिहितातही आणि उभेही राहतात, त्यामुळे त्यांच्या प्रवेशांना नटाच्या श्वासाचं माप असतं. पवईच्या फिल्टरपाड्यातून आलेल्या गौरव मोरे यांनी आपल्या वस्तीचं नाव मंचावर मिरवलं, याचंही मोल आहे.

तरी दोष राहतातच, आणि ते वर्षागणिक वाढलेत. एकदा चाललेलं पात्र इतक्यांदा येतं की त्याच्या एंट्रीलाच टाळी पडते आणि पुढे काही घडवायची गरज उरत नाही. कुणाचा रंग, कुणाचं वजन, कुणाची उंची यांवरचे विनोद दोन्ही मोठ्या कार्यक्रमांत वर्षानुवर्षं चालले. नट स्वतःवरच हसतो आहे, असं त्याचं समर्थन केलं जातं. पण तो विनोद घरात ऐकणाऱ्या काळ्यासावळ्या मुलीला कुणी विचारलेलं नसतं. साडी नेसलेल्या पुरुषाचंही तसंच. मावशीची परंपरा सांगून त्याचा बचाव होतो, पण मावशी हसवायची ती तोंडाच्या धारेने. आज बऱ्याचदा साडी नेसून आलेला नट हाच विनोद असतो आणि तोंडी काही नसतं.

याचं मूळ मला नटांत दिसत नाही. ते लेखनावर पडणाऱ्या भारात आहे. 'हास्यजत्रा' काही काळ आठवड्यातून चार रात्री दाखवली गेली, आणि एका भागात दोन-तीन स्किटं असतात. म्हणजे दर आठवड्याला आठ ते बारा नवी प्रहसनं. कुणीही लेखक, कितीही प्रतिभावान असो, वर्षानुवर्षं या गतीने नवी निरीक्षणं आणू शकत नाही. तो मग जुना साचा उलटसुलट करतो. जसपाल भट्टींचा 'फ्लॉप शो' १९८९ मध्ये सरकारी दूरदर्शनवर आला, सरकारी बाबूंची खोटी वैद्यकीय बिलं, पीएचडीच्या मार्गदर्शकाच्या घरची हमाली, टेलिफोन खात्याचा कारभार यांवर तुटून पडला, आणि अवघ्या दहा भागांत संपला. पस्तीस वर्षांनंतरही ते भाग लोकांना आठवतात. आपल्याकडे हजार भागांचा केक कापला जातो, आणि त्यांतले कोणते दहा आठवतात हे सांगताना गाडी अडते.

लेखक नाहीत असं नाही. पुरुषोत्तम करंडक, सवाई, आयएनटी या एकांकिका स्पर्धांमधून दरवर्षी नवे हात येतात. जात, बेरोजगारी, वसतिगृहं, प्रेमातली हिंसा यांवर ते निर्भीडपणे लिहितात, आणि त्यांत विनोदही झकास असतो. तीच मुलं टीव्हीत आली की सासू-जावई आणि विसरभोळा नवरा लिहू लागतात. यूट्यूबवर 'भाडिपा'ने २०१६ पासून दाखवून दिलं की शहरी घरातल्या आई-मुलाच्या संवादातून नवं काही काढता येतं, आणि अमेय वाघ-निपुण धर्माधिकारी यांच्या 'कास्टिंग काउच'ने तर प्रसिद्धीच्या मुलाखतींचीच खिल्ली उडवली, त्याही ताऱ्यांना समोर बसवून. तिथे पाहुण्याला अवघडवायची तयारी होती, एवढाच फरक. पण त्यांचा प्रेक्षक शहरी आहे. जव्हारपासून गडचिरोलीपर्यंत एकाच रात्री पोचण्याची ताकद अजून वाहिन्यांकडेच आहे.

'चला हवा येऊ द्या' मार्च २०२४ मध्ये थांबलं आणि पुढच्या वर्षी नव्या सूत्रसंचालकासह परतलं. 'हास्यजत्रा'ही चालू आहे. म्हणजे मंच आहे, नट आहेत, प्रेक्षकही आहे. वाहिन्यांनी भागांची संख्या निम्मी करावी. स्किटच्या आधी लेखकाचं नाव नटाच्या नावाइतक्याच ठळक अक्षरांत दाखवावं. चित्रपटाचं स्पूफ तो लागून महिना झाल्यावर, त्याच्या टीमला न बोलावता करावं. रात्री नऊ वाजता वृत्तवाहिन्यांवर जो आरडाओरडा चालतो, त्याचं एक खणखणीत विडंबन मराठी टीव्हीवर दर आठवड्याला व्हायला हवं. ते करू शकणारे किमान डझनभर नट आज कामावर आहेत. त्यांना ते लिहून द्या.